लिबियाचं बंदर सुरक्षित नाही : युरोपीय आयोगाला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व आयुक्त, युरोपीय आयोग, ब्रुसेल्स
तसंच इटली आणि माल्टाची सरकारं

विषय : भूमध्य समुद्रात अडवलेल्या माणसांना लिबियात परत नेणं थांबवण्याबाबत

महोदय / महोदया,

स्थलांतरितांना समुद्रात अडवण्यासाठी इटली आणि लिबिया यांच्यात झालेला २ फेब्रुवारी २०१७ चा सामंजस्य करार दर तीन वर्षांनी आपोआप वाढतो. वाढू द्यायचा नसेल तर मुदत संपण्याच्या तीन महिने आधी तसं कळवावं लागतं. २०१९ मध्ये करार संपवा असं कुणी कळवलं नाही, २०२२ मध्ये नाही, आणि नोव्हेंबर २०२५ ची तारीखही तशीच जाऊ दिली. म्हणजे आणखी तीन वर्षं इटलीच्या गस्ती बोटी घेऊन, तुमचा पैसा घेऊन आणि तुमच्या विमानांनी कळवलेल्या ठिकाणी जाऊन लिबियातले सशस्त्र लोक रबरी बोटी अडवणार, आणि आतल्या माणसांना ती जिथून जीव घेऊन पळाली त्याच कोठड्यांत नेऊन टाकणार. ही बातमी वाचून पेपरची घडी करून बाजूला ठेवणं मला जमलं नाही. म्हणून हे पत्र.

मी दापोली तालुक्यातला. उभा जन्म बोटीवर गेला, टँकरवर चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आमच्या खाडीकाठच्या गावांत बोटीवर कुणीच नाही असं घर शोधावं लागतं. माझा पुतण्या आत्ता सेकंड ऑफिसर आहे आणि त्याची बोट सुएझमधून बाहेर पडून जिब्राल्टरच्या दिशेने जात-येत असते. त्याच्यासारखी हजारो पोरं त्या पाण्यावर वॉच करतात. तुमची धोरणं ब्रुसेल्समध्ये ठरतात, पण ती शेवटी येऊन टेकतात ती एखाद्या मालवाहू बोटीच्या शिडीवर, जिथे खाली बुडणारी माणसं असतात आणि वर आमची पोरं. एवढा संबंध पत्र लिहायला पुरे आहे असं मी धरतो. इंग्रजी प्रत तुमच्या पत्त्यावर वेगळी पाठवली आहे. ही मराठी प्रत त्या पोरांच्या घरच्यांसाठी, कारण मुलगा ज्या समुद्रात आहे तिथे काय चाललंय हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी कायद्याचं बोलू, कारण तुम्हाला कायद्याची भाषा आवडते. समुद्रात कुणी संकटात असेल तर जवळच्या बोटीने वाट वाकडी करून त्याला वाचवायचं, हे कप्तानावर बंधनकारक आहे. तो माणूस कुठल्या देशाचा, त्याच्याकडे व्हिसा आहे का, तो तिथे का आला, हे विचारायचं नाही. वाचवलेल्याला ‘सुरक्षित ठिकाणी’ उतरवलं की मगच सुटका पूर्ण झाली, आणि असं ठिकाण लवकर मिळवून देण्याची जबाबदारी किनाऱ्यावरच्या सरकारांची. हा नियम २००६ पासून लागू आहे. आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता. तुमच्यापैकी बहुतेक देशांनी तो मान्य केला होता.

२०१५ च्या उन्हाळ्यात मी लिबियाच्या उत्तरेला वॉचवर असताना रोमच्या बचाव केंद्राचा निरोप आला. रबरी बोट, हवा अर्धी गेलेली. आम्ही वाऱ्याच्या बाजूने आडोसा केला, कठड्यावरून कार्गोचं जाळं सोडलं, पायलट लॅडर, म्हणजे दोराची शिडी, लावली. पुरुष कडेला बसलेले असतात आणि बायका-पोरं मध्ये, तिथे जास्त सुरक्षित वाटतं म्हणून. पण बोटीच्या तळाशी सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी एकत्र होतं आणि मध्ये बसलेल्यांच्या मांड्या, पोटऱ्या त्यात तासन् तास भिजतात. वर आलेल्या बायकांची कातडी सुटून आली होती. कपडे ओढून काढता येत नव्हते, कापावे लागले. आमचा चीफ कुक गोव्याचा. त्याने मोठ्या पातेल्यात पेज केली आणि मीठ घालून मगातून सगळ्यांना दिली, कारण उपाशी पोटावर दुसरं काही ठरलं नसतं. एका इरिट्रियाच्या पोराने पँटच्या कमरपट्टीत आतून फोन नंबर शिवून घेतला होता. त्याच्या पाठीवर वितळवलेलं प्लॅस्टिक टाकल्याचे गोल डाग होते. घरून पैसे येईपर्यंत लिबियात असं करतात, तो म्हणाला, आणि करताना घरच्यांना फोन लावून ठेवतात.

रोमने सांगितलं, सिसिलीला ऑगुस्ताच्या बंदरात या. आम्ही गेलो. धक्क्यावर डॉक्टर उभे होते. कंपनीचा वेळ गेला, तेल जळलं, मालकाने विम्याशी काय हुज्जत घालायची ती घातली असेल. पण कप्तानाला कुणी असं विचारलं नाही की, यांना परत सोडून येता का?

हे मुद्दाम लिहितोय, कारण तुमच्यापैकी काही जण असं बोलतात की जणू काही करणं शक्यच नव्हतं. शक्य होतं, होत होतं. इटलीने ऑक्टोबर २०१३ पासून वर्षभर आपलं नौदल लावून लाखभराहून जास्त माणसं काढली. २०१४ मध्ये आठशेवर व्यापारी बोटी वाट वाकडी करून गेल्या आणि चाळीस हजारांच्या आसपास माणसं त्यांनी वर घेतली. इटलीच्या तटरक्षक दलातल्या लोकांबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. बिघडलं ते त्यांच्या वरच्या मजल्यावर.

आता तक्रारी मांडतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी : तुम्ही ज्याला भागीदार म्हणता तो देश गृहयुद्धात फाटलेला आहे, आणि हे तुम्हाला माहीत आहे. २०११ मध्ये गद्दाफी गेला. २०१४ पासून त्रिपोलीत एक सरकार आणि पूर्वेला दुसरं. ४ एप्रिल २०१९ ला पूर्वेच्या फौजांचे प्रमुख जनरल हफ्तार यांनी त्रिपोलीवर चाल केली. ऑक्टोबर २०२० मध्ये युद्धबंदी झाली, पण बंदुका ज्यांच्या हातात होत्या त्यांच्याच हातात राहिल्या. जुलै २०२५ मध्ये तुमचेच स्थलांतर आयुक्त इटली, ग्रीस आणि माल्टाच्या मंत्र्यांसोबत बेनगाझीला उतरले, तेव्हा त्यांना ‘नको असलेली व्यक्ती’ ठरवून तिथूनच परत पाठवण्यात आलं. त्यांच्याकडे निदान परतीचं विमान होतं.

या युद्धात लिबियाच्या स्वतःच्या नागरिकांचं काय झालं ते बघा, म्हणजे परक्यांचं काय होत असेल याचा अंदाज येईल. तवेर्गा नावाचं गाव होतं, काळ्या वर्णाच्या लिबियन लोकांचं. ते गद्दाफीच्या बाजूचे म्हणून ऑगस्ट २०११ मध्ये मिस्राताच्या टोळ्यांनी अख्खं गाव हाकललं, सुमारे चाळीस हजार माणसं. घरं जाळली, कित्येक वर्षं परत येऊ दिलं नाही. त्रिपोलीच्या दक्षिणेला तरहूना. तिथे एका कुटुंबाच्या टोळीने गावावर राज्य केलं, आधी एका बाजूला राहून, मग हफ्तारच्या बाजूला जाऊन. जून २०२० मध्ये टोळी पळाली आणि शेतांमधून सामूहिक कबरी निघायला लागल्या. तीनशेहून जास्त माणसं बेपत्ता झाल्याची नोंद आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या प्रकरणातली सहा वॉरंटं उघड केली. बेनगाझीत खासदार सिहाम सर्गिवा यांनी त्रिपोलीवरच्या हल्ल्याला विरोध केला. जुलै २०१९ मध्ये त्यांना घरातून उचलून नेलं, आणि त्या आजतागायत सापडलेल्या नाहीत. खासदार बाई स्वतःच्या घरात सुरक्षित नाही, अशा देशाला तुमच्या करारात समुद्रावरच्या सुटकेचं काम दिलेलं आहे.

दुसरी तक्रार ताजूराची. त्रिपोलीच्या पूर्वेचं हे कोठडीकेंद्र एका सशस्त्र ब्रिगेडच्या आवारात होतं. सहाशेच्या वर स्थलांतरित तिथल्या हँगरमध्ये कोंडलेले. त्यातले कित्येक जण तुमच्या पैशावर चालणाऱ्या लिबियन तटरक्षकांनी समुद्रातून पकडून आणलेले होते. मे २०१९ मध्ये बाजूला एक हवाई हल्ला होऊन गेला होता. संयुक्त राष्ट्रांनी केंद्राचा नेमका ठावठिकाणा लढणाऱ्यांना कळवला होता. तरी माणसं हलवली नाहीत. २ जुलैच्या रात्री पहिला बॉम्ब ब्रिगेडच्या वर्कशॉपवर पडला. माणसं घाबरून दाराकडे धावली. त्यानंतर दहा-अकरा मिनिटांनी दुसरा बॉम्ब थेट हँगरवर. किमान ५३ मेले. पळू बघणाऱ्यांवर पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्याचं वाचलेल्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या लोकांना सांगितलं. बॉम्ब ज्याने टाकला त्याचा गुन्हा त्याचा, पण त्या हँगरपर्यंत माणसं कोणत्या साखळीतून पोचली, याचा हिशेब तुमच्या दप्तरातही असायला हवा. त्या रात्रीनंतरही समुद्रातून माणसं पकडून लिबियाच्या बंदरात उतरवणं चालूच राहिलं. २०२१ या एका वर्षात ३२,४२५ माणसं अशी परत नेली गेली.

तिसरी, कोठड्यांच्या आतली. लिबियाने १९५१ चा निर्वासित करार मान्य केलेला नाही, आणि तिथल्या कायद्यात विनापरवाना येणं-जाणं हाच गुन्हा. त्यामुळे समुद्रातून वाचवलेला माणूस धक्क्यावर पाय ठेवतो तो कैदी म्हणूनच. किती दिवसांसाठी, कुणाच्या हुकमाने, कुठल्या न्यायाधीशासमोर, काही नाही. झिंतानजवळच्या केंद्रात २०१८-१९ मध्ये वीसहून जास्त माणसं क्षयाने आणि हालअपेष्टांनी मेली. बनी वलीदमध्ये खंडणीसाठी छळ होतो आणि त्याचे व्हिडिओ घरी पाठवले जातात. लढाई चालू असताना कोंडलेल्या लोकांकडून शस्त्रं साफ करून घेणं, दारूगोळा उचलून घेणं असे प्रकार नोंदवले गेले आहेत. बायकांवर काय होतं ते मी इथे लिहीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने ते मार्च २०२३ च्या शेवटच्या अहवालात लिहिलं आहे, आणि त्यातले शब्द स्पष्ट आहेत : स्थलांतरितांविरुद्ध मानवतेविरोधी गुन्हे झाले, खून, छळ, बलात्कार, गुलामगिरी. युरोपीय संघाने तटरक्षक आणि कोठडीयंत्रणेला दिलेली मदत या गुन्ह्यांना हातभार लावणारी ठरली, असंही त्याच पथकाने सांगितलं. तो अहवाल तुमच्या कार्यालयात पोचला नसेल हे मला पटत नाही.

चौथी तक्रार माणसांची नावं घेऊन करतो, कारण ही नावं जगजाहीर आहेत. झाविया बंदराच्या तटरक्षक तुकडीचा म्होरक्या अब्द अल-रहमान अल-मिलाद, ज्याला सगळे बिजा म्हणत. जून २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मानवी तस्करीबद्दल त्याच्यावर निर्बंध घातले. हाच गृहस्थ मे २०१७ मध्ये लिबियन शिष्टमंडळातून सिसिलीत स्थलांतरावरच्या बैठकीला येऊन गेला होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. २०२४ मध्ये तो गोळीबारात मेला. दुसरं नाव ओसामा अल्मसरी नजीम, मितिगा तुरुंगाचा कर्ताधर्ता. हेगच्या त्याच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १८ जानेवारी २०२५ ला वॉरंट काढलं, दुसऱ्या दिवशी तुरीनमध्ये इटलीच्या पोलिसांनी पकडलं, आणि २१ तारखेला इटलीच्या सरकारी विमानातून त्याला त्रिपोलीला पोचवलं. रबरी बोटीतल्या बाईला सिसिलीला उतरू द्यायचं नाही, आणि छळाचा आरोप असलेल्याला सरकारी विमानाने घरी सोडायचं. यावर मी आणखी काय लिहू?

पाचवी तक्रार आमच्या धंद्यातली, आणि त्यावर थोडं सविस्तर बोलणार आहे.

स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ ला हिर्सी जमा खटल्यात निकाल दिला. इटलीच्या जहाजांनी २००९ मध्ये सोमाली आणि इरिट्रियन माणसं समुद्रातून उचलून त्रिपोलीला सोडली होती. न्यायालय म्हणालं, हे बेकायदा आहे. मग तुम्ही काय केलं? स्वतःची जहाजं मागे घेतली आणि तेच काम लिबियाच्या हाताने करून घ्यायला लागलात. बोटी तुमच्या, प्रशिक्षण तुमचं, इंधनाचा आणि दुरुस्तीचा खर्च तुमचा. जून २०१८ मध्ये लिबियाचं स्वतंत्र बचाव क्षेत्र, म्हणजे जिथल्या सुटकेची जबाबदारी लिबियाची असा समुद्राचा पट्टा, नकाशावर आलं. आता फ्रॉन्टेक्स या तुमच्या सीमारक्षक संस्थेचं विमान किंवा माल्टावरून उडणारा ड्रोन बोट बघतो, ठिकाण कळवतो, आणि बऱ्याचदा ते ऐकून पहिल्यांदा पोचतात ते लिबियाचे बंदूकधारी. हात तुमचा नाही, एवढंच.

आणि जिथे लिबियाची बोट पोचत नाही तिथे व्यापारी बोटीला सांगितलं जातं. नोव्हेंबर २०१८ : ‘निविन’ नावाच्या मालवाहू बोटीने नव्वदच्या वर माणसं वाचवली आणि तिला मिस्राताला जायला लावलं. माणसांनी उतरायला नकार दिला, दहा दिवस डेकवर बसून राहिली. शेवटी लिबियाच्या जवानांनी अश्रुधूर आणि रबरी गोळ्या वापरून त्यांना खाली ओढलं. मार्च २०१९ : ‘एल हिब्लू’ या छोट्या टँकरने शंभरावर माणसं घेतली आणि त्रिपोलीच्या दिशेने निघाली. माणसांनी आकांत केला, बोट वळली, माल्टाला आली. माल्टाने तीन पोरांना पकडलं, त्यातला एक पंधरा वर्षांचा, एक सोळाचा, एक एकोणीसचा. इतरांसाठी बोलणारे, दुभाष्याचं काम करणारे. त्यांच्यावर दहशतवादाचे आरोप ठेवले आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. ऑगस्ट २०२० : ‘मेर्स्क एटियेन’ या टँकरने माल्टाच्याच सांगण्यावरून २७ माणसं वर घेतली, आणि मग माल्टाने बंदर नाकारलं. ३८ दिवस. टँकरवर शंभर जणांचं सामान नसतं, गर्भवती बाईसाठी दवाखाना नसतो, सत्तावीस जणांना झोपायला जागा नसते. मी टँकरवरच आयुष्य काढलंय. गॅसचा धोका असलेल्या डेकवर कुणी वैतागून काडी ओढली तर काय होईल, याचा विचार बंदर नाकारणाऱ्या साहेबाने केला नसणार.

याची दुसरी बाजू ऐका. ‘आस्सो व्हेन्तोत्तो’ या इटालियन सप्लाय बोटीच्या कप्तानाने जुलै २०१८ मध्ये १०१ माणसं वाचवून त्रिपोलीला सोडली. २०२१ मध्ये नेपल्सच्या न्यायालयाने त्याला एक वर्षाची शिक्षा दिली, आणि २०२४ मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, कारण लिबिया हे सुरक्षित ठिकाण नाही. निकाल बरोबर आहे, मला मान्य आहे. पण मग माझ्या पुतण्याच्या कप्तानाने करायचं काय? लिबियाला सोडलं तर तुरुंग. नाही सोडलं तर बंदर नाही, महिनाभर समुद्रात घिरट्या. आणि दुर्लक्ष करून पुढे गेलं तर माणसं बुडणार. तुमच्या न्यायालयाने एक सांगायचं आणि तुमच्या सरकारांनी नेमकं उलटं, आणि मध्ये भरडला जातो तो कराराच्या पगारावरचा खलाशी. काही कप्तान आता लांबचा मार्ग धरतात, काही बोटी त्या पट्ट्यात आपला ठावठिकाणा कळवणारं यंत्र बंद ठेवतात, अशी बोलणी बोटीवर ऐकू येतात. मी त्यांना दोष देणार नाही, पण तशा बोटीच्या बाजूने रबरी बोट गेली तर काय झालं हे कधीच कुणाला कळणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्रिपोलीच्या ईशान्येला सुमारे १३० माणसांची बोट उलटली. सरकारांना आधीच कळवलेलं होतं. खवळलेल्या समुद्रात त्यांना शोधायला गेल्या त्या तीन व्यापारी बोटी आणि एक स्वयंसेवी संस्थेचं जहाज. सापडली ती प्रेतं.

आणि ताजं : २४ ऑगस्ट २०२५ ला ‘ओशन व्हायकिंग’ या बचाव जहाजावर आंतरराष्ट्रीय समुद्रात लिबियाच्या गस्ती बोटीने वीस मिनिटं गोळीबार केला. जहाजावर वाचवलेली ८७ माणसं होती. ती गस्ती बोट इटलीने दिलेली. आता बंदुकीचं तोंड वाचवणाऱ्याकडेच वळलंय, आणि उद्या समोर टँकर असला तर?

इकडे मराठी वाचक म्हणतील, आपल्याला काय त्याचं, ते आफ्रिकेचे आणि तुम्ही युरोपचे. म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी. मे २०२० मध्ये लिबियाच्या मिझदा गावात कोंडलेल्या स्थलांतरितांवर गोळीबार झाला आणि तीस माणसं मारली गेली. त्यातली २६ बांगलादेशी होती, एजंटला पैसे भरून आलेली. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पंजाब-हरियाणाची सतरा पोरं लिबियातून दिल्लीला परत आली. इटलीत नोकरी देतो म्हणून एजंटने त्यांना नेलं, झुवारात विकलं. सोडवायला ट्युनिसच्या आपल्या वकिलातीला धावाधाव करावी लागली. २०११ च्या युद्धात तर आपण नौदलाची जहाजं आणि विमानं पाठवून पंधरा हजारांवर भारतीय तिथून काढले. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे बेकायदा पळताहेत. त्याच युद्धातून, त्याच रस्त्याने, त्याच भीतीने सोमालियाचा माणूस पळतो. त्याला न्यायला जहाज पाठवणारं सरकार त्याच्यामागे नाही, एवढाच फरक. (आपल्या देशानेही निर्वासित करारावर सही केलेली नाही, याची मला कल्पना आहे. ते पत्र दिल्लीला वेगळं लिहीन.)

तुमचं उत्तर मला अंदाजाने ठाऊक आहे. तस्करांचं कंबरडं मोडायचंय, समुद्रात मरणारे कमी करायचेत, लिबियाची परिस्थिती सुधारायची म्हणून मदत चालू ठेवायची. सीमा राखण्याचा तुमचा हक्क मी नाकारत नाही. प्रत्येकाला युरोपात ठेवून घ्या असंही म्हणत नाही. कुणाला आश्रय द्यायचा आणि कुणाला त्याच्या देशात परत पाठवायचं ते कायद्याने, सुनावणी घेऊन ठरवा. पण ज्या धंद्याला तुम्ही मोडायला निघालात त्याचं भांडवलच हे पकडून परत नेणं आहे. एकदा पैसे घेऊन बोटीत बसवायचं, तटरक्षकांनी पकडून आणायचं, कोठडीत ठेवून सुटकेचे पैसे घ्यायचे, पुन्हा बोटीत बसवायचं. एकाच माणसाकडून तीनतीनदा वसुली. बंद करायला तुम्ही ज्यांना पैसे देता, त्यांच्यातल्याच काहींचं पोट यावर चालतं.

तेव्हा मागण्या अशा :

१. इटलीने २०१७ चा करार पुढच्या तारखेची वाट न बघता संपवावा. आयोगाने लिबियन तटरक्षक आणि कोठड्या चालवणाऱ्या यंत्रणेला जाणारी बोटींची, इंधनाची आणि प्रशिक्षणाची मदत थांबवावी.

२. फ्रॉन्टेक्सच्या विमानाला किंवा ड्रोनला संकटातली बोट दिसली की तिचं ठिकाण जवळच्या सगळ्या जहाजांना खुल्या चॅनलवर द्यावं, बचाव संस्थांनाही. अडवून परत नेण्यासाठी ती माहिती वापरली जाऊ नये.

३. कुठल्याही व्यापारी बोटीला लिबियात माणसं उतरवायला सांगितलं जाणार नाही, असं इटली आणि माल्टाच्या बचाव केंद्रांनी लेखी जाहीर करावं. वाचवल्यापासून ठरलेल्या मुदतीत बंदर द्यावं, आणि बोटीचा गेलेला वेळ व इंधन भरून देण्यासाठी निधी ठेवावा. निधी असला की मालक कप्तानाच्या कानाशी लागत नाही, हे अनुभवाचं सांगतो.

४. युरोपीय देशांची स्वतःची बचाव जहाजं त्या पाण्यात परत आणावीत. २०१३-१४ मध्ये एकट्या इटलीने ते केलं, तुम्ही सत्तावीस आहात.

५. लिबियाच्या कोठड्यांतल्या निर्वासितांना नायजेर आणि रवांडामार्गे बाहेर काढण्याची संयुक्त राष्ट्रांची योजना आहे. ती रखडते कारण पुढे त्यांना घ्यायला देश तयार नसतात. प्रत्येक सदस्य देशाने जागांचा आकडा जाहीर करावा.

६. हेगच्या वॉरंटमधला माणूस युरोपच्या भूमीवर सापडला तर त्याला हेगलाच पाठवावं. अल्मसरीला कुणी आणि का सोडलं याची चौकशी उघड व्हावी. ‘ओशन व्हायकिंग’वरच्या गोळीबाराचीही.

७. ‘एल हिब्लू’च्या त्या तीन पोरांवरचे आरोप माल्टाने मागे घ्यावेत. डेकवर घाबरलेल्या शंभर माणसांशी बोलून त्यांना शांत ठेवणारा दुभाषी मिळाला तर कुठलाही कप्तान त्याचे आभारच मानेल.

मुंबईत नौवहन महासंचालनालय आहे आणि खलाशांच्या युनियनही आहेत. त्यांनी आपल्या पोरांना भूमध्य समुद्रासाठी स्पष्ट लेखी सूचना द्याव्यात : लिबियाला माणसं सोडायला सांगितलं तर नकार कसा द्यायचा, त्याची नोंद लॉगबुकात कशी करायची, आणि कोणाला फोन लावायचा. त्यांच्यासाठी ही प्रत याच पत्रासोबत जात आहे.

तुमचं उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. ते मी मराठीत करून इथेच छापीन, काटछाट न करता.

कळावे,

एक निवृत्त चीफ ऑफिसर,
दापोली तालुका, जिल्हा रत्नागिरी